मालकाने स्वतःच्या खिशातून घेतले का?

नमस्कार मंडळी. आज शेअर बाजाराचं बोलू, म्हणजे कंपनीचे मालक-अधिकारी स्वतःच्याच कंपनीचे शेअर घेतात ते कसं वाचायचं याचं, पण कोणता शेअर घ्या हे मी सांगणार नाहीये, त्यामुळे कागद-पेन शोधायची धावपळ करू नका.

काटोल-नरखेडकडचा एखादा संत्र्याचा बागवाला दरवर्षी आपला बहार झाडावरच व्यापाऱ्याला उक्ता देऊन मोकळा होतो, आणि एखाद्या वर्षी तो देतच नाही, उलट शेजाऱ्याची बागही स्वतःच घेऊन टाकतो, तर गावात लगेच कुजबुज होते की नाही? कारण झाडावर फळ कसं आहे ते त्याच्याइतकं नागपूरच्या कळमना बाजारात बसलेल्या व्यापाऱ्याला कुठून कळणार. कंपनीचं तसंच आहे बघा.

इनसायडर, म्हणजे कंपनीतला आतला माणूस, म्हटलं की आपल्याला गुन्हाच आठवतो, आणि आतली गुप्त बातमी वापरून शेअर घेणं हा गुन्हाच आहे, पण प्रमोटर म्हणजे कंपनीचा मालक, डायरेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्याने नियम पाळून स्वतःच्या कंपनीचे शेअर घेतले तर त्यात काही गैर नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे 2015 चे नियम आहेत, एका तिमाहीत 10 लाखांच्या वर व्यवहार झाला की त्याने दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत एक्सचेंजला. मग ते बीएसई, एनएसई या एक्सचेंजच्या, म्हणजे शेअर बाजारांच्या, साइटवर येतं, फुकट, कोणालाही दिसतं, तरी आपण टिप कोणाला मागतो तर पानठेल्यावरच्या भाऊला!

आता माझी फजिती ऐका. एका कंपनीत प्रमोटरने भरपूर शेअर घेतल्याचं दिसलं, मी लगेच सीताबर्डीच्या ब्रोकरला फोन लावला, घेऊन टाकले, आणि आठवड्याने नीट पाहिलं तर व्यवहाराच्या प्रकारापुढे लिहिलेलं होतं इंटर-से ट्रान्सफर, म्हणजे काकाच्या खात्यातून पुतण्याच्या खात्यात. अरे बाप्पा, घरातला पैसा घरातच फिरला होता, बाहेरून कोणी रुपया लावलाच नव्हता.

तेव्हापासून मी तो रकाना आधी वाचतो. गिफ्ट, ऑफ मार्केट म्हणजे बाजाराबाहेरचा व्यवहार, ईसॉप म्हणजे कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात देऊ केलेले शेअर, हे सगळं सोडून द्या, मार्केट पर्चेस म्हणजे बाजारातून खरेदी असेल तरच थांबून बघा, कारण तिथे तुमच्या-माझ्यासारखं बाजारभावाने पैसे मोजलेत. वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, त्यावरून तर हुरळून जाऊच नका, त्यात आधी 25 टक्केच भरायचे असतात आणि बाकीचे 18 महिन्यांत, भाव पडला तर भरलेले सोडून द्यायचे, बस. आणि प्रमोटर एकीकडे थोडे घेतोय अन् दुसरीकडे ढीगभर शेअर गहाण ठेवतोय असं दिसलं तर त्या घेण्याला काय अर्थ?

मला स्वतःला फायनान्सवाल्या अधिकाऱ्याने घेतलेले जास्त आवडतात, तो पगारदार माणूस, आकडे त्याच्याच टेबलावरून जातात. दोन-तीन डायरेक्टर एकाच महिन्यात घेत असतील तर मग कंपनीचे कागद काढून बसतो मी. विकल्याचं मात्र मनाला लावून घेत नाही, मुलीचं लग्न असेल, फ्लॅट घेतला असेल, ईसॉपवरचा टॅक्स भरायचा असेल, किंवा प्रमोटरकडे 75 टक्क्यांहून जास्त शेअर असले तर नियमाप्रमाणे त्याला खाली यावंच लागतं.

आणि हो, या आतल्या माणसांना शेअर घेतल्यावर सहा महिने उलटा सौदा, म्हणजे ते विकणं, करता येत नाही. म्हणजे ते निदान सहा महिने बसायच्या तयारीने घेतात आणि आपण पंधरा दिवसांत वैतागून विकतो, मग म्हणतो मालकाने फसवलं. मालकाचाही अंदाज चुकतो हो, स्वतःच्या दुकानाच्या प्रेमात कोण नसतं.

एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी लागला की एक्सचेंजच्या साइटवरची ही खरेदीची लिस्ट एकदम सुकलेली दिसेल, घाबरू नका, तिमाही संपल्यापासून तिचा निकाल, म्हणजे नफा-तोट्याचे आकडे, जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत त्यांची ट्रेडिंग विंडो, म्हणजे शेअर घ्यायची-विकायची मुभा, बंद असते. निकालानंतर चार-पाच दिवसांनी उघडून बघा, आणि प्रकाराचा रकाना आधी.