बटण दाबण्याआधीचे ३० सेकंद

नमस्कार श्रोतेहो. पोलिसांच्या छातीवर कॅमेरा आला, आता कोर्टात कुणाचं खरं नि कुणाचं खोटं हा प्रश्नच उरला नाही, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. वाद राहतोच. फक्त तो आता कॅमेरा कधी सुरू झाला आणि ते चित्रण आरोपीच्या वकिलाला कधी मिळालं, यावर होतो.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली २०१७ सालची गोष्ट. कचऱ्याने भरलेल्या एका मोकळ्या जागेत पोलीस शोधाशोध करतो आणि त्याला अमली पदार्थाच्या गोळ्यांची पिशवी सापडते. पुरावा अगदी डोळ्यांसमोर! पण या कॅमेऱ्यांची एक खुबी असते. बटण दाबलं की त्याआधीचे ३० सेकंदही जपले जातात, मात्र आवाजाशिवाय. त्या मुक्या चित्रणात तोच पोलीस ती पिशवी तिथे ठेवताना दिसला. त्याचा बचाव असा, की माल आधीच सापडला होता, कॅमेऱ्यासाठी फक्त पुन्हा करून दाखवलं. न्यायालयाला ते पटलं नाही. २०१८ मध्ये खोटा पुरावा रचल्याबद्दल तो दोषी ठरला. त्याच्या आणि त्याच्यासोबतच्या पोलिसांच्या साक्षीवर उभे असलेले इतर कितीतरी खटलेही सरकारी वकिलांना सोडून द्यावे लागले. आणि मूळ आरोपी? जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे तो जानेवारीपासून तुरुंगात होता. त्याच्यावरचा आरोप मागे घेतला गेला तो जुलैत.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. छातीवरच्या कॅमेऱ्यात तो लावणारा माणूस जवळपास दिसतच नाही, दिसतो समोरचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एकच घटना काहींना छातीवरच्या कॅमेऱ्यातून दाखवली, काहींना गाडीतल्या. छातीवरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांना कॅमेरा लावणाऱ्याची तीच कृती कमी हेतुपुरस्सर वाटली. फौजदारी खटल्यात हेतूला केवढं वजन असतं, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत बहुतेक प्रकरणं साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आरोपी तडजोडीत गुन्हा कबूल करतो आणि तिथेच सगळं संपतं. चित्रण त्यानंतर मिळालं तर त्याचा काय उपयोग? आणि पोलिसाने आपला जबाब चित्रण पाहण्याआधी लिहावा की नंतर, यावरही तिथे वाद आहे. माझं मत विचाराल तर आधी. त्याला स्वतःला काय आठवतं, हे न्यायाधीशांना वेगळं कळायला हवं. कॅमेऱ्यात काय आहे, ते त्यांना तसंही दिसणारच आहे.