मागे बघू नकोस! शाळेच्या स्टेजवर ऑर्फिअस

[दृश्य: शाळेचा हॉल. स्टेजवर रंगीत टेपच्या खुणा. कुणीतरी कीबोर्डवर एकच ओळ परत परत वाजवतंय.]

शाळेत म्युझिकल बसवायचं ठरलं की सगळ्यात आधी डोक्याला ताप होतो तो गोष्टीचा नाही, पोरांचा. चाळीस पोरं हौसेने उभी आणि नाव असलेले रोल पाच-सहा, मग उरलेल्यांचं करायचं काय? झाड करा, ढग करा, मागच्या रांगेत उभं करून हात हलवायला लावा, हे आपण सगळ्यांनी बघितलंय, काहींनी केलंय पण. ग्रीक लोक इथे खरंच कामाला येतात, कारण गर्दीचं काय करायचं हे त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. अथेन्सच्या जुन्या शोकांतिकांमध्ये बोलणारे नट जास्तीत जास्त तीन, तेच मुखवटे बदलून राजा, राणी, दूत सगळं करायचे, आणि कोरस, म्हणजे एकत्र गाणारी-बोलणारी टोळी, मात्र आधी 12 जणांचा, मग सोफोक्लीसने तो 15 चा केला असं सांगतात. आणि हा कोरस नुसता उभा नसायचा हं, गायचा, नाचायचा, घाबरायचा, हिरोला नको ते सल्लेपण द्यायचा.

तर ग्रीक पुराणकथा घ्यायची हे ठरलं. कुठली? हर्क्युलिस म्हटलं की मारामारी आली, ट्रॉय म्हटलं की घोडा बनवायला आला. ऑर्फिअसच्या गोष्टीत मात्र एक सोय आहे जी बाकी कुठेच नाही, इथे हिरोचं हत्यारच गाणं आहे. इतर म्युझिकलमध्ये पात्रं मधेच गायला का लागतात असा प्रश्न पडू शकतो, इथे तो पडतच नाही, तो गायला नाही तर गोष्ट पुढे सरकणारच नाही.

गोष्ट थोडक्यात. ऑर्फिअस, कॅलिओपी या देवीचा मुलगा, हातात लायर नावाचं तंतुवाद्य, गायला लागला की झाडं आणि दगडसुद्धा जवळ यायचे. लग्न झाल्या झाल्या त्याच्या बायकोला, युरिडिसीला, साप चावतो आणि ती जाते. हा तिला आणायला थेट पाताळात उतरतो, तिथला राजा हेडीस आणि राणी पर्सेफनी यांच्यापुढे गातो, ते विरघळतात आणि म्हणतात जा घेऊन, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. आणि तो बघतो.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून टाकू. पुराणकथा कुणाच्या मालकीची नसते, पण तिच्यावर बेतलेल्या तयार म्युझिकलची स्क्रिप्ट आणि गाणी असतात, त्यासाठी लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते घेतल्यावर मनाला येईल तसे शब्द बदलता येत नाहीत. म्हणून बऱ्याच शाळा स्वतःच लिहितात. काम वाढतं, पण मग कोरसला पाहिजे तेवढं काम देता येतं आणि ज्या पोराला गाता येत नाही पण ढोलकं भारी वाजवतो त्यालापण जागा काढता येते.

[दृश्य: तालीम. ऑर्फिअस करणारा मुलगा वरच्या सुरावर जातो, आवाज चिरकतो, सगळे हसतात, तोही हसतो.]

हे बघा, हा सगळ्यात मोठा व्हिलन, आणि तो गोष्टीत नाहीच. साधारण 12 ते 15 या वयात मुलांचा आवाज फुटतो, स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, तोही गुपचूप नाही, मधेच दगा देत देत. ऑडिशनला ज्या पट्टीत मस्त गायला होता ती पट्टी शोच्या दिवशी त्याची असेलच याची गॅरंटी नाही. त्यामुळे शहाणे संगीत शिक्षक गाणं दोन-तीन पट्ट्यांमध्ये तयार ठेवतात आणि सगळ्यात वरच्या सुराला पर्यायी सूर देऊन ठेवतात. नाहीतर सरळ मुलीला ऑर्फिअस करा. यात जगावेगळं काही नाही, 1762 साली व्हिएन्नात ग्लुक या संगीतकाराचा ऑर्फिअसवरचा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा तो रोल पुरुषाच्याच पण उंच आवाजासाठी लिहिलेला होता, आणि आज तो बऱ्याचदा बायकाच गातात.

आता खरी अडचण. स्क्रिप्टमध्ये लिहिलंय की या गाण्याने मृत्यूचा देव विरघळला. आणि गाणार कोण, तर आठवीतला मुलगा, ज्याला उद्या गणिताचा पेपर आहे. मृत्यू विरघळेल असं गाणं आजवर कुणी लिहिलेलं नाही, शाळेच्या कमिटीकडून तर ती अपेक्षा ठेवूच नका. बहुतेक ग्रुप इथे फसतात, गाणं अजून मोठं करतात, अजून वर नेतात, मागे रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकमध्ये व्हायोलिनं ओततात, आणि ते बिचारं पोर त्याखाली गाडलं जातं.

रोमन कवी ओव्हिडने हीच अडचण कशी सोडवली ते बघण्यासारखं आहे. त्याच्या मेटामॉर्फोसिसच्या दहाव्या भागात ही गोष्ट आहे, साधारण इसवी सन 8 च्या सुमाराची. तिथे गाणं किती सुंदर होतं याचं वर्णन तो करतच नाही. तो ऐकणारे दाखवतो. टँटॅलस, ज्याच्या ओठांपासून पाणी कायम लांब पळतं, तो पाण्यामागे धावायचं थांबतो. चाकाला बांधलेल्या इक्सायनचं फिरतं चाक थांबतं. गळक्या घागरी भरत बसलेल्या मुली घागरी खाली ठेवतात. आणि सिसिफस, जन्मभर... म्हणजे मेल्यानंतरही, धोंडा डोंगरावर ढकलणारा, तो चक्क त्या धोंड्यावर बसतो आणि ऐकतो.

शाळेच्या डायरेक्टरसाठी याहून मोठं गिफ्ट नाही राव! गाणं साधं ठेवा, चार ओळींचं, एक कीबोर्ड, आणि सगळी मेहनत कोरसवर घ्या. या तालमीत तेच चाललंय. सीन सुरू होतो तेव्हा अख्खं पाताळ कामात, ठेका पायांचा, घागरींचा, चाकाचा, नुसता कलकलाट. ऑर्फिअस गातोय ते ऐकूच येत नाही आधी, मुद्दाम. मग एकेकजण थांबतो, ठेक्यातला एकेक आवाज कमी होत जातो. शेवटी सिसिफस उरतो. सहावीतला एक मुलगा आहे, त्याला अख्ख्या नाटकात वाक्य नाही, थर्माकोलचा धोंडा ढकलायचा एवढंच. तो थांबतो, धोंड्याकडे बघतो, हाताने जागा झटकतो आणि बसतो. हे जागा झटकणं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

[दृश्य: तीन मुलं एकाच काळ्या झग्यात शिरताना, तीन डोकी बाहेर.]

हा सर्बेरस, पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा. तीन मुलं, एक झगा, आणि डाव्या-उजव्यावरून सतत भांडण. नदीसाठी निळं लांब कापड, दोन्ही टोकांना दोघं. धूर हवाय असा हट्ट कुणीतरी धरतंच धरतं, पण ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, आणि पाताळातली निम्मी पोरं जमिनीवर लोळत असतात, त्यामुळे तो विषय तिथेच संपवायचा. हेझ मशीनने, म्हणजे धुरकं सोडणाऱ्या यंत्राने, फायर अलार्म वाजू शकतो ते वेगळंच. खालून निळा लाइट मारा, काम होतं.

मग येतं ते चालणं. आणि इथे स्टेजची रचना गोष्टीला इतकी फिट बसते की मजा वाटते. ऑर्फिअस मागच्या पडद्याकडून प्रेक्षकांकडे चालत येतो, युरिडिसी त्याच्या मागे. त्याला ती दिसत नाही, पण आपल्याला दोघांचेही चेहरे दिसतात. ती आहे हे हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीतल्या माणसालाही माहीत असतं, फक्त त्यालाच नसतं. ओव्हिडने अजून एक बारीक गोष्ट लिहून ठेवलीय, सापाच्या चाव्यामुळे ती हळू चालते. म्हणून युरिडिसी करणारी मुलगी एक पाय किंचित ओढत चालते, आणि कोरस तळहाताने मांडीवर तिच्या पावलांचा आवाज करतो, एक जोरात, एक हलका, एक जोरात, एक हलका.

तो का वळतो, हा सगळा रोलचा प्रश्न. पोरं पहिल्या तालमीत भसकन वळतात, वळायचंय हे माहीत असतं ना. या ग्रुपने उपाय काढला की कोरसने गाण्यातल्या ठरलेल्या जागी पावलांचा आवाज बंद करायचा. ती चालतेच आहे, पण त्याला ऐकू येईनासं होतं. आठ मात्रा शांतता. मग त्याला वळायला वेगळी अ‍ॅक्टिंग करावी लागत नाही. हे ट्रॅकवर जमत नाही बरं का, ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, वाजवणारा माणूस समोर पाहिजे जो पोराच्या खांद्याकडे बघून पुढचा स्वर सोडेल.

शेवट काय करायचा यावर शाळेत वाद होणारच. मूळ कथेत पुढे ऑर्फिअसचे तुकडे होतात आणि त्याचं डोकं नदीतून गात गात वाहत जातं, ते कुणी ठेवत नाही. पण 'निदान ती परत तरी येऊ दे, लहान मुलं बघायला येणारेत' असं मीटिंगमध्ये एकजण तरी म्हणतोच. या दबावाला मोठमोठे बळी पडलेत. ग्लुकच्या ऑपेरात प्रेमाचा देव येऊन तिला जिवंत करून देतो. मोंतेवेर्दी या संगीतकाराच्या 1607 च्या ऑर्फिअसवरच्या ऑपेरात छापलेल्या संहितेत चिडलेल्या बायका येतात, आणि 1609 ला स्वरलिपी छापली गेली त्यात अपोलो येऊन त्याला स्वर्गात नेतो. माझं मत विचाराल तर ती परत येऊ नये, पोरांना ते कळतं, घाबरतात ते मोठेच.

[दृश्य: टेक रिहर्सल. हेडफोन लावलेली मुलगी अंधारात फाइल घेऊन बसलीये.]

ही स्टेज मॅनेजर, दहावीतली. आज गाणी पूर्ण होत नाहीत, फक्त एका क्यूवरून, म्हणजे लाइट-आवाज बदलायच्या खुणेवरून, दुसऱ्या क्यूवर उड्या, सगळ्यांना प्रचंड बोर होतं. घामाने एक माइक गेला, सर्बेरसचं मधलं डोकं वॉशरूमला गेलंय, आणि शांततेच्या आठ मात्रांमध्ये लाइटवाल्या मुलाने प्रत्येक वेळी घाईने ब्लॅकआउट केलाय. ती फाइलमध्ये क्यूच्या पुढे लाल पेनाने 'वळल्यावर, आधी नाही' असं लिहिते आणि हेडफोनवर म्हणते, "चला, परत चालण्यापासून घेऊ, युरिडिसी पडद्यामागे, कोरस हात मांडीवर, आणि दादा, तू बटनावरून बोट काढ."