दोन दोऱ्या आणि एक वही

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक काम करा. घरात असतील त्या दोन दोऱ्या शोधून जवळ ठेवा, एक जाड आणि एक बारीक. परकराची नाडी आणि सुतळी असली तरी चालेल. त्या कशाला लागतात ते शेवटी सांगतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. ३४ वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो. माग अडला की हाक मारतात तो जॉबर. टॉवेल केले, चादरी केल्या. मला काम शिकवलं ते आम्ही ज्यांना अण्णा म्हणायचो त्या तेलुगू मास्तरांनी. मी पाना चुकीच्या जागी लावला की मागून आवाज यायचा, "अट्ला कादु रा!" असं नाही रे. अण्णा दारातून आत येता येताच सांगायचे, तिसऱ्या मागाचा पिकर, म्हणजे धोट्याला फटका देणारा भाग, झिजलाय. इतक्या खडखडाटात त्यांना तो एक आवाज वेगळा ऐकू यायचा. मी एकदा विचारलं, कसं कळतं? म्हणाले, ऐकत राहा. मी ऐकत राहिलो, पण विचारत राहिलो नाही. ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. त्यांच्या कानातलं निम्मंसुद्धा माझ्याकडे आलं नाही. याची हळहळ मला अजून आहे, आणि आज तुमच्यासमोर बसलोय तोही त्यामुळेच.

त्यांनी लावलेली एक सवय मात्र राहिली. शर्टाच्या खिशात छोटी वही.

एका एप्रिलात माझ्या मागांवर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सारखे तुटायला लागले. मी ताण कमी केला, उभे धागे जिच्यातून जातात ती फणी तपासली, आडवा धागा नेणारा धोटा बदलला. सुताला दोष दिला, विणकरावर रागावलो. अण्णा एवढंच म्हणाले, तुटलेल्या धाग्याची वेळ लिही. आठ दिवस लिहिली. वही उघडली तेव्हा चित्र स्वच्छ होतं. दुपारी बारा ते पाच धागे पटापट तुटत होते, पहाटे जवळजवळ नाहीच. माग तोच, सूत तेच, विणकरही तोच. बदलत होती ती हवा. सुती धागा ओलाव्यात बळकट असतो आणि कोरड्या हवेत ठिसूळ होतो. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, पारा ४३-४४ वर गेला की हवेत ओल ती कसली? दुपारी फरशीवर पाणी मारलं, खिडक्यांना ओली पोती टांगली आणि तुटणं उतरलं. ज्या विणकरावर रागावलो होतो त्याची मी माफी मागितली.

तेव्हापासून बिघाड कोणताही असो, मी आधी वेळ लिहितो. घरातला पंखा, मोटार, कुणाची डोकेदुखीसुद्धा. कधी होतं ते कळलं की का होतं ते निम्मं कळतं.

आता घरातली गोष्ट. आपल्या शहरात पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं आणि टाक्या भरलेल्या असतात. आम्ही काळजी घेत होतो. दर रविवारी पिंप पूर्ण रिकामं करायचं, लगेच नवं पाणी भरायचं. तरी माझ्या नातीला डेंग्यू झाला. पाच दिवस तिच्या उशाशी बसून मी एकच विचार करत होतो, चुकलं कुठे? घरी बघायला आलेल्या आरोग्यसेविकाताईंनी पिंपाच्या आत बोट फिरवलं आणि दाखवलं. डेंग्यूच्या डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी भरलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. आम्ही पाणी टाकत होतो, अंडी मात्र जिथल्या तिथे होती. म्हणून सांगतो, आठवड्यातून एकदा पिंप नुसतं उलटं करू नका. नारळाच्या काथ्यानं किंवा ब्रशनं आतून खसाखसा घासा, कडेला विशेष. पुसा, वाळवा, मग भरा. झाकण घट्ट नसेल तर वरून जुन्या धोतराचं कापड ताणून बांधा. कूलरची टाकी आणि फ्रीजमागचं तबकही विसरू नका. ही चूक मी लाजेनं कुणाला सांगत नव्हतो. सांगायला लागल्यावर आमच्या गल्लीतल्या चार घरांनी पिंपं घासली.

तुरटीबद्दलही एक गैरसमज आहे. तुरटीनं गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळावंच लागतं.

आणि उन्हाळ्यात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर घरात हे माप पाठ हवं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या, नव्याने करा. मी हे कागदावर लिहून साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या जुन्या माणसांना विसरता येणार नाही. विसर्जन आटोपून सगळे झोपले होते. चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. आम्ही उठलो, पण अंधारात कुलपाची किल्ली सापडेना. फळीवरची बाटली फुटली होती, बायकोच्या पायात काच गेली. आमचं तेवढ्यावर निभावलं. भूकंपानं लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीकडे काय झालं ते सकाळी कळलं. पुढे मदतीच्या ट्रकबरोबर चादरी घेऊन गेलो तेव्हा पडलेली घरं जवळून पाहिली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी वर मातीचा थर चढवत गेलेले. अशी माळवदं आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. तुमचं असेल तर जुनी माती उतरवल्याशिवाय नवी चढवू नका. भिंत दुरुस्त करताना आतबाहेर पोचेल असा लांब दगड मधूनमधून घालायला गवंड्याला सांगा, नाहीतर भिंतीचे दोन पदर वेगळे होतात. त्या दिवसापासून आमची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला असते. खाटेखाली चपला आणि बॅटरी.

आता त्या दोन दोऱ्या घ्या. धागा तुटला की विणकर जी गाठ मारतो ती मला अण्णांनी शिकवली. ती इतकी लहान असते की फणीतून अडकल्याशिवाय निघून जाते. जहाजावर दोर जोडायलाही हीच गाठ वापरतात.

जाड दोरीचं टोक वाकवा आणि तो वाक डाव्या हाताच्या चिमटीत धरा. एक पाय आखूड, एक लांब. बारीक दोरी खालून त्या वाकात घालून वर काढा. आता ती आखूड पायाच्या बाजूनं मागे न्या, दोन्ही पायांमागून फिरवा आणि लांब पायाच्या बाजूनं पुढे आणा. इथे सगळे चुकतात, तेव्हा सावकाश. टोक परत वाकात घालायचं नाही. बारीक दोरीच्या स्वतःच्याच अंगाखालून सरकवायचं. आता दोन्ही दोऱ्यांची लांब टोकं धरून हळूहळू ओढा. दोन्ही आखूड शेपटं एकाच बाजूला आली असतील तर गाठ बरोबर. दोन बाजूंना आली असतील तर सोडा आणि पुन्हा मारा. नात जवळ असेल तर तिच्या हातात द्या दोरी, तिची बोटं लवकर शिकतात.