बूच बुडायच्या आधी

(दृश्य: पहाट. कृष्णेच्या पाण्यावर धुकं. बंधाऱ्याच्या फटींतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज.)

दिवाळी सरली की कृष्णेचं गढूळ पाणी निवळायला लागतं. कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात, वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या अंगाला, फटींतून निसटणाऱ्या धारेच्या कडेनं मासळी जमते. भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात गळ टाकायचे दिवस सुरू होतात. काठावर सत्तरीतलं एखादं माणूस दिसतं, शेजारी नातू किंवा गल्लीतलं पोरगं. पोराला घाई असते गळ पाण्यात फेकायची. आजोबा मात्र बराच वेळ गळाला आमिषच लावत नाहीत. ते आधी तळ मोजतात.

(दृश्य: गळाला अडकवलेला शिशाचा तुकडा, जवळून.)

त्यासाठी सुपारीएवढं शिसं पुरतं. ते गळाला अडकवून, बसायचं ठरवलेल्या जागेसमोर सोडायचं. दोऱ्यावर तरंगणारं बूच पाण्याखाली गेलं, तर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, कमी पडला. बूच काठीच्या शेंड्याकडे सरकवायचं. बूच आडवं पडून तरंगलं, तर तंगूस जास्त झाला, गळाकडे आणायचं. बुचाचं टोक बोटभर वर उभं राहिलं की खोली मिळाली. मग गळ काठीच्या बुडाशी धरायचा आणि बूच काठीवर जिथे येईल तिथे लाल दोरा बांधायचा. नंतर कितीही वेळा बूच हललं तरी माप हाताशी राहतं.

एकाच जागी मोजून भागत नाही. हात-हातभर अंतरावर पाच-सहा ठिकाणी शिसं सोडलं की तळाचा उतार कळतो. जिथे एकदम वीत-दीड वीत खोली वाढते, त्या उताराच्या कडेनं मासा फिरतो. गळ तिथेच टाकायचा. पूर येऊन गेला की गाळ हलतो, डोह भरतात, नवे पडतात. मागच्या साली बांधलेला दोरा मग सोडून टाकायचा. उन्हाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की पातळी चढते आणि सकाळी तळाला टेकलेलं आमिष दुपारी अधांतरी लोंबतं. नवखा म्हणतो, मासेच नाहीत.

खोलीला एवढा मान का, हे माशाच्या तोंडाकडे बघितलं तर कळतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळतो. म्हणून मृगळासाठी गोळी तळावर टेकलेली हवी, आणि वर तीन-चार बोटं तंगूस तळावर पडलेला. रोहूसाठी तीच गोळी तळापासून वीतभर वर.

(दृश्य: सावलीत टांगलेल्या काठ्या.)

काठी चिव्याच्या बांबूची, भरीव, दहा ते बारा फूट. हिवाळ्यात तोडलेली, सावलीत वाळवलेली. शेंड्याकडून टांगून बुडाला वजन बांधलं की ती वाळताना सरळ राहते. उन्हात वाळवलेली काठी चिरते, आणि ती चीर नेमकी मोठा मासा लागल्यावर उघडते. तंगूस नुसता शेंड्याला गाठ मारून सोडत नाहीत. तो शेंड्यावरून खाली आणून मधल्या पेरापाशी बांधतात. शेंडा मोडला तरी मासा हातचा जात नाही. तंगुसाची लांबी काठीपेक्षा हातभर कमी. चिलापीला 0.30 मिलिमीटरचा तंगूस पुरतो, रोहू-मृगळाला 0.40. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, इथे दुकानात हमखास गोंधळ होतो: चिलापीला 8 किंवा 10, रोहूला 4 किंवा 6. आणि गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली करायची. कोरडी गाठ घासून तापते, तंगूस तिथेच कमजोर होतो आणि नेमका तिथेच तुटतो.

बूच मोरपिसाच्या देठाचं, जुन्या रबरी चपलेचं, नाहीतर ज्वारीच्या धाटाचं. कशाचंही चालतं, पण शिसं त्याला मापून हवं. घरी पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडून बघायचं: टोक बोटाच्या पेराएवढंच वर दिसलं पाहिजे. बूच जाड आणि शिसं कमी असेल, तर माशाला तोंडात घेताच ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो.

कणीक पुरीच्या पिठासारखी घट्ट मळायची, त्यात शेंगदाण्याची पेंड कुटून घालायची, आणि चिमूटभर कापूस पिंजून. कापसाच्या धाग्यांनी गोळी गळाला धरून राहते. गोळी चिंचोक्याएवढी, त्याहून मोठी केली तर गळाचं टोक आतच राहतं. चारा म्हणून भिजवलेल्या पेंडीचे दोन-तीन गोळे टाकले की पुरे. पाटीभर टाकली तर मासे येतात खरे, पण पोट भरून जातात.

(दृश्य: स्थिर पाणी, मधोमध बूच. निवेदनात थोडा विराम.)

आता बूच वाचायचं.

टकटक, टकटक, आणि बूच जागचं हलत नाही: बारकी मासळी कणीक टोकरते आहे. उचलायचं नाही. दोन-तीन झटपट बुडक्या आणि बूच तिरकं: चिलापी. मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली, आणि आता राज्यातल्या कितीतरी जलाशयांत ठाण मांडून बसलेली. लगेच उचलायचं. बूच न बुडता संथपणे बाजूला चाललं: बहुधा खेकडा. आणि बूच खाली जायच्या ऐवजी वर आलं, आडवं झालं, तर नवखा गोंधळतो. तो मृगळ. तळावरची गोळी तोंडात घेऊन तो वर उठतो, शिशाचा भार हलका होतो, बूच झोपतं. ही खूण दिसायला शिसं गळापासून चार बोटांवर हवं. हातभर वर बांधलं असेल, तर ही खूण दिसतच नाही. गळाला गांडूळ लावलं असताना शिंगटा मासा आला की बूच एका दमात खोल जातं. तिथे एक श्वास थांबून मग उचललेलं बरं.

उचलायचं म्हणजे मनगटानं, वीतभर. खांद्यातून हिसका दिला की रोहूचा ओठ फाटतो किंवा गळ मागच्या बाभळीत जातो. बाभळीतले गळ मोजले, तर काठावर किती जण नवीन आहेत ते कळेल.

मासा लागला की काठी उभी ठेवायची. वाकलेला चिवा माशाची ओढ पितो. काठी माशाच्या दिशेनं सरळ झाली की सगळा ताण तंगुसावर येतो आणि तो तुटतो. मासा दमून कुशीवर झाला की हातजाळी पाण्यात स्थिर धरून तो तिच्यावर ओढून आणायचा. जाळी घेऊन त्याच्या मागे लागलं, तर तो बिथरून शेवटची उडी मारतो.

शिंगट्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना दातेरी काटे असतात. बोटं काट्यांच्या मागून घालून धरायचा. सापासारखी लांब वाम हातातून निसटते, तिला कोरड्या फडक्यात. पाण्यावर नारिंगी पिल्लांचा घोळका दिसला, तर खाली राखणीला मरळ आहे. ती हमखास गळाला येते, म्हणूनच तिथे गळ टाकायचा नाही. ती गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, पाण्याला मळीचा वास आला, तर त्या दिवशी काठी गुंडाळायची. असे मासे हातानंही सापडतात, पण ते घरी न्यायचे नसतात.

(दृश्य: दरडीवर पहुडलेली मगर, लांबून.)

या पट्ट्यात मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, उंच दरडीवर बसायचं. धरलेले मासे दोरीला ओवून पाण्यात ठेवायचे नाहीत, बादलीत ठेवायचे. काठावर मासा साफ करायचा नाही. गळ दगडात अडकला, तर सोडवायला पाण्यात उतरायचं नाही. तंगूस ओढून तोडायचा, दहा रुपयांचा गळ जाऊ द्यायचा. वाम रात्री बाहेर पडते हे खरं, पण इथे वामीचा नाद सोडलेलाच बरा.

(दृश्य: संध्याकाळ. काठीभोवती गुंडाळला जाणारा तंगूस.)

ऊन उतरलं की तंगूस काठीभोवती गुंडाळायचा, गळ बुचात टोचून ठेवायचा. लाल दोरा तसाच राहू द्यायचा. उद्या पाणी तेवढंच असेल, तर मोजणी वाचेल.