अर्धं गोल्फ नातवंडांबरोबर

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांचे तिथले शनिवार-रविवार मॉलमध्ये, मंदिरात, नाहीतर कुणाच्या तरी घरी जेवायला जाण्यात संपतात. या उन्हाळ्यात तुम्ही निघणार असाल, तर घरच्यांना आवर्जून सांगा, आम्हाला गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर न्या. तिला लागूनच बऱ्याचदा मिनी गोल्फही असतं. तिथे क्लबचं सभासदत्व लागत नाही, खेळ आधी येत असावा अशीही अट नाही.

रेंज म्हणजे लांबलचक मोकळं मैदान, एका टोकाला ओळीने चटया. काउंटरवर पैसे भरले की चेंडूंची बादली मिळते, स्टिकही मिळते. समोर 50, 100, 150 यार्डांच्या पाट्या. मारलेला चेंडू आणायला कुणी जात नाही. जाळी लावलेली गाडी फिरून ते गोळा करते. चटयांच्या रेषेपुढे पाऊल टाकायचं नाही, हे नातवंडांना आधीच बजावून ठेवा. नवा माणूस चेंडूला खालून उचलायला बघतो आणि नेमका तो सरपटत जातो. चेंडू वर चढवणं हे स्टिकच्या तिरक्या पात्याचं काम. आपण ती सैल हातांनी फिरू द्यायची. सुरुवातीला सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या तिरक्या पात्याची स्टिक, मागा.

पण माझा जीव आहे तो शेजारच्या मिनी गोल्फवर. तिथे छोट्या, वळणांच्या वाटांवर फक्त पटिंग करायचं, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवत होलमध्ये, खड्ड्यात, घालायचा. नेहमीच्या 18 होलच्या मैदानाचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागतील असे धरलेले फटके, बहुधा 72 असतो आणि त्यातले 36 फटके हिरवळीवरच्या पटिंगसाठी धरलेले असतात. म्हणजे ही लहान मुलांची गंमत नव्हे, गोल्फचा निम्मा खेळ आहे. आणि तो बायकांनी वाढवला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला 1867 मध्ये बायकांचा पटिंग क्लब निघाला. खांद्यावर स्टिक नेऊन जोरात फटका मारणं तेव्हा बाईला शोभत नाही असं मानत. त्यांच्या वाट्याला आली ती उंचसखल हिरवळ. तिला ‘हिमालय’ म्हणतात आणि आज थोडे पैसे भरून तिथे कुणालाही खेळता येतं.

अमेरिकेत 1920 च्या दशकात हा खेळ फोफावला, त्याला हात दिला सरकीने! विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी हे मुद्दाम ऐकावं. इतक्या पायांखाली गवत टिकणं कठीण, म्हणून सरकीची टरफलं तेलात, वाळूत, हिरव्या रंगात मिसळून त्याची जमीन केली. 1930 पर्यंत न्यूयॉर्कच्या गच्च्यांवरही हे खेळ मांडले गेले होते.

इथे ताकद लागत नाही, कोन दिसावा लागतो. कडेला आपटून चेंडू वळणापलीकडे घालवायचा असतो, आणि कॅरममध्ये रिबाउंड मारणाऱ्या आजीला तो कोन कुणी शिकवावा लागत नाही. सत्तरीची आजी आणि सात वर्षांची नात खरोखर बरोबरीने खेळू शकतील असे खेळ फार थोडे. म्हणून सांगते, पिशव्या सांभाळत बाकावर बसू नका. स्कोअरकार्डवर आपलं नाव लिहायला लावा.

साडी चालते, पायांत मात्र बूट हवेत. पटर, म्हणजे पटिंगची स्टिक, आपल्या उंचीचा मागून घ्या. गुडघे दुखत असतील तर होलमधून चेंडू काढायचं काम नातवंडांकडे द्या. सातच्या सुमारास जा, ऊन उतरलेलं असतं आणि जूनमध्ये उजेड बराच वेळ पुरतो. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या होलमध्ये चेंडू आत जातो तो परत येत नाही. आणखी एक डाव हवा असेल, तर पुन्हा काउंटर गाठायचा.

नमस्कार.