आयपीओला भरलेले पैसे जातात कुठे?

नमस्कार मंडळी! मालवणच्या किनाऱ्यावर उभा आहे आणि मागे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला सुरुवात झालीय.

(कॅमेरा मागे वळतो.)

जाळं ज्यांचं त्यांचा वाटा वेगळा, ओढणाऱ्या हातांचा वेगळा. मासळी लागली तर वाटा, नाही लागली तर सगळे तसेच घरी. शेअर म्हणजे हा जाळ्याचा वाटा, एवढं पक्कं धरा. आणि कंपनी आपले शेअर पहिल्यांदाच सगळ्या लोकांना विकायला काढते, तो आयपीओ.

परवा शेजारचे काका फोन घेऊन आले. "हो आयपीओ बँकेचो आसा, म्हणजे एफडीसारखोच मा? भरू काय?"

नाही काका, एफडीसारखा अजिबात नाही. एफडी म्हणजे तुम्ही बँकेला दिलेली उसनवारी, तिच्यावर ५ लाखांपर्यंत विमा असतो. शेअर घेतला की तुम्ही बँकेचे भागीदार, आणि भागीदाराला विमा नसतो. येस बँक आठवते? मार्च २०२० मध्ये खात्यातून ५० हजारांवर काढता येईना. पण ते निर्बंध काही दिवसांत उठले आणि ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. भागधारकांचं काय झालं? १०० पेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं विकायलाच बंदी!

मग बँक लोकांकडे येते कशाला, ठेवी असतात की तिच्याकडे? ठेवी म्हणजे देणं, ते भांडवलात धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की जोखीम मोजून धरलेल्या प्रत्येक १०० रुपयांच्या कर्जामागे किमान ९ रुपये बँकेचं स्वतःचं भांडवल हवं. कर्जं वाढवायची तर भांडवल वाढवावंच लागतं. स्मॉल फायनान्स बँकांना, म्हणजे छोट्या कर्जदारांसाठीच्या बँकांना, तर नेटवर्थ (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) ५०० कोटींवर पोचल्यापासून तीन वर्षांत शेअर बाजारात उतरणं बंधनकारक केलेलं आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. जाळं फाटलं, नवं घ्यायचं, म्हणून नवे भागीदार पैसे घालतात: हा फ्रेश इश्यू. पैसे कंपनीत जातात. दुसरीकडे जुना भागीदार आपला वाटा विकून बाजूला होतो: ही ऑफर फॉर सेल. पैसे त्याच्या खिशात, जाळं होतं तेवढंच. यात गैर काही नाही, पण आपण कशाला पैसे देतोय ते कळायला हवं.

एलआयसीचंच बघा. आपल्याकडे घरटी एक तरी पॉलिसी. मे २०२२ मध्ये सरकारने आपला साडेतीन टक्के वाटा ९४९ रुपयांना विकला, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट देऊन. सगळा इश्यू ऑफर फॉर सेल, म्हणजे पैसे गेले सरकारकडे, एलआयसीत एक रुपयाही नाही. पहिल्या दिवशी शेअर उघडला ८६७ च्या आसपास, सूट धरूनही खालीच.

हे सगळं प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे आयपीओच्या माहितीपुस्तिकेत, छापलेलं असतं. 'ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू', म्हणजे पैसे कशासाठी हवेत, हे प्रकरण आधी उघडा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ते कागद तपासले म्हणजे शेअर चांगला असं नव्हे. माहिती उघड केली की नाही, एवढंच सेबी बघते.

अर्ज करणं सोपं आहे. यूपीआयवर मंजुरी दिली की रक्कम तुमच्याच खात्यात अडकून राहते, शेअर मिळाले तरच कापली जाते. किरकोळ गटात, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या छोट्या गुंतवणूकदारांच्या गटात, २ लाखांपर्यंत अर्ज चालतो. फार गर्दी झाली तर लॉटरी निघते आणि नंबर लागला तर एकच लॉट (शेअरचा ठरलेला किमान गठ्ठा) मिळतो. म्हणून अशा वेळी जास्त लॉट मागून नशीब वाढत नाही. इश्यू बंद झाल्यावर कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी लिस्टिंग, म्हणजे बाजारात शेअरची खरेदी-विक्री सुरू.

काकांना मी शेवटी विचारलं, पैसे कुठले? म्हणाले, बंदीचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर असते, तेव्हा घर चालवायला बाजूला ठेवलेले. मी म्हटलं, काका, या पैशांना हात लावू नका, पुढच्या हंगामात उरले तर बघू.

काकांनी फोन खिशात टाकला. "मगे ऱ्हवांदे."