गेटवर आजी उभी आहे

(पडद्यावर: जूनचा शेवटचा आठवडा, सकाळचे पावणेनऊ. नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेचं फाटक.)

पुण्या-मुंबईकडची मुलं आठवडाभर आधीच वर्गात जाऊन बसली आहेत. विदर्भात शाळा उघडते ती जून सरता सरता. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तो दिवस ज्यांनी इथे काढला, त्यांना शाळा उशिरा का उघडते हे सांगावं लागत नाही. नवतपा, म्हणजे मे सरतानाचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपतो, एखादी सर येऊन जाते, कुलरचा आवाज कमी होतो आणि मग हे फाटक उघडतं.

आज पहिलीचा पहिला दिवस. दारात रांगोळी, फुगे, गुलाबाची फुलं घेऊन उभ्या असलेल्या मॅडम. आणि गर्दीत ही आजी. एका हातात नातीचं बोट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, खांद्यावर नातीचं दप्तर. फाटकाशी येऊन ती विचारते, "मॅडम, हिले आत नेऊन बसवू का?"

"नाही आजी, इथूनच टाटा करा."

आजीचा चेहरा उतरतो. मॅडम दोन पावलं पुढे येतात. "आत्ता आत शंभर मोठी माणसं शिरली ना आजी, तर कोण कोणाचं हे आम्हालाच कळणार नाही. त्यात एखादा भलताच शिरला तर?"

आजी क्षणभर थांबते. मग बोट सोडते. "जाय बाई. रडू नको."

(पडद्यावर: नात आत जाते. दोनदा वळून पाहते.)

प्रवेशाच्या वेळी शाळा प्रत्येक घराला एक कागद देते. 'पालकांसाठी सूचना'. या मुलीच्या घरीही तो गेला. वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातात. त्यांनी सही केली आणि कागद फाईलला लावला. आई आठ वाजता घर सोडते. नातीला आणणं-नेणं आजीकडे, आजीचे गुडघे दुखले की ऑटोवाल्या काकांकडे. कागदावर प्रत्येक ओळीत लिहिलं आहे, 'पालकांनी'. फाटकावर पालक मोजकेच. बाकी आज्या, आजोबा, काका, मावश्या, शेजारच्या वहिनी.

वर्षभर या फाटकावर येऊन-जाऊन आम्हाला जे दिसलं ते हेच. नियमावर सही करणारा एक, आणि तो पाळणारा दुसरा. त्या दुसऱ्या माणसापर्यंत नियम पोचतच नाही. पोचला तर कारणाशिवाय पोचतो, आणि मग त्याला तो अपमान वाटतो.

(पडद्यावर: नऊ वाजून सात मिनिटं. फाटक बंद. बाहेर एक स्कूटी, दोन मुलं.)

वेळेचंच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांची झोप पूर्ण होत नाही, हे त्यामागचं कारण. सकाळी साडेसहाला व्हॅनच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेलं पोर ज्याने पाहिलं आहे, त्याला या निर्णयाचं मोल कळेल. अडचणी आहेतच. एकाच इमारतीत प्राथमिक आणि माध्यमिक भरतात तिथे वर्ग कमी पडतात, व्हॅनवाल्यांच्या दोन फेऱ्यांचं गणित मोडतं. तरी मुलांची झोप परत मिळाली, हे मोठं काम झालं.

मग नऊची शाळा नऊलाच का? उशिरा येणाऱ्या मुलाचा परिपाठ बुडतो, हे सगळे सांगतात. या शाळेत आम्हाला आणखी एक कारण दिसलं, ते स्वयंपाकघरात. हजेरी झाली की वर्गावर्गातला आकडा एका चिठ्ठीवर उतरतो आणि चिठ्ठी स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडे जाते. त्या आकड्यावर तांदूळ मोजला जातो. पोषण आहाराच्या हिशेबात पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य शंभर ग्रॅम. एका ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. चिठ्ठी गेल्यावर आलेल्या चार मुलांचं खाणं मग बाकीच्यांच्या ताटातून निघतं. मॅडमनी हे एकदा फाटकावर उभं राहून सांगितलं, मराठीत आणि हिंदीत, कारण या फाटकावरचं अर्धं बोलणं हिंदीतच चालतं. त्या दिवसापासून स्कूटीवाले बाबा पाच मिनिटं आधी येतात.

(पडद्यावर: शाळेचं कार्यालय. लोखंडी कपाट.)

आता जरा इथे थांबू.

ही जाड, कापडी पाठीची वही म्हणजे दाखल-खारीज. मुलाचं नाव, वडिलांचं, आईचं, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. पुढे चौथी-पाचवीनंतर शाळा सोडल्याचा दाखला मिळेल, तो याच ओळीवरून उतरवला जाईल. खालच्या खणात जुन्या वह्या आहेत, पानं पिवळी पडलेली. त्या वह्या पाहायला आजही लोक येतात. कुणाच्या मुलाला इंजिनिअरिंगला जायचं असतं, जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो, आणि कितीतरी घरांत तो पुरावा म्हणजे पहिलीत गेलेल्या आजोबांची एक ओळ. सत्तर वर्षांपूर्वी कुण्या गुरुजींनी बोरू बुडवून लिहिलेली.

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जुलै आहे. त्यांच्याच वर्गातल्या आणखी कित्येकांची तीच. शाळा उघडली त्या दिवशी गुरुजींनी सरसकट टाकून दिलेली. माझी आजी सांगायची, दिवाळी चार दिवसांवर होती तेव्हा तुझा बाप झाला. वडील नोकरीत लागले त्या १ जुलैवर, निवृत्त झाले त्या १ जुलैवर. खरा वाढदिवस घरात कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून या शाळेतल्या लिपिक ताईंची एक रीत मला फार मोलाची वाटते. नोंद केली की त्या ती ओळ मोठ्याने वाचून दाखवतात. आणायला जो कुणी आला असेल, त्याला. फाटकावरची ती आजी नातीच्या नोंदीच्या दिवशी समोर स्टुलावर बसली होती. तिला वाचता येत नाही. ताईंनी आडनाव वाचलं आणि आजी म्हणाली, "पुन्हा म्हणा बरं." ताईंनी पुन्हा म्हटलं. "आमच्यात ते नाकात म्हणतात." जन्मदाखला काढून पाहिला. आडनावावरचा अनुस्वार राहून गेला होता. ताईंनी तिथेच दुरुस्ती केली, खाली सही केली. पाच मिनिटांचं काम. हीच दुरुस्ती पंधरा वर्षांनी करायला गेलं असतं तर किती खेटे पडले असते, हे ज्यांच्या पायाला ते फेरे लागले त्यांना विचारा.

आणि कागदच नसतील तर? शहराच्या कडेला नव्या इमारती उठतायत, तिथे छत्तीसगडहून, मध्य प्रदेशातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्या हाती जन्मदाखला नसतो, जुन्या शाळेची टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तर नसतेच. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, टी.सी. यायला उशीर झाला म्हणून मुलाला ताटकळत ठेवता येणार नाही. मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घेऊन प्रवेश द्यायचा नाही, देणगी मागायची नाही. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण, एवढं पाहायचं. घराने पाळायचे नियम जसे आहेत तसे शाळेनेही पाळायचे आहेत, आणि हे दुसरे नियम सूचनांच्या कागदावर कुठेच छापलेले नसतात. ते छापावेत, असं मला मनापासून वाटतं.

दप्तराचं थोडक्यात. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठही नको. डब्यात काय द्यायचं, हे घरोघरीच्या आयांना शाळेपेक्षा जास्त कळतं.

आजारपणाचं मात्र नीट सांगायला हवं. ताप असलेल्या पोराला सकाळी गोळी देऊन शाळेत पाठवलं जातं. दहापर्यंत ते खेळतं, साडेअकराला बाकावर डोकं टाकतं. त्यात हौस कुणालाच नसते. सुट्टी घेतली तर आईची रोजी जाते. पण २०२३ च्या पावसाळ्यात डोळे आले होते तेव्हा एका बाकावरून अख्खा वर्ग कसा लाल डोळ्यांनी घरी गेला, ते मॅडमना अजून आठवतं. गोळी न देता चोवीस तास ताप नाही, तरच शाळा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. आणि औषध वर्गात द्यायचं असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, किती आणि कधी. मॅडमनी अंदाजाने चमचा भरावा, अशी अपेक्षा करू नये.

(पडद्यावर: ऑटो, व्हॅन, दुचाक्या. फाटकापुढचा अरुंद रस्ता.)

महाराष्ट्रात शालेय बसची नियमावली २०११ ची आहे. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, बसमध्ये मुली असतील तर महिला सहायक हवी. पण या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं येतात ती घरच्या दुचाकीवर. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगितलं आहे. म्हणजे पहिलीतल्या एकूण एक मुलाला. सकाळच्या वीस मिनिटांत आम्ही लहान डोक्यावरची हेल्मेट मोजली. तीन.

जानेवारी आला की नागपूरच्या आयांच्या पोटात गोळा येतो. संक्रांतीचा मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी या शहरात गळे कापले जातात. पुढे उभं राहिलेलं पोर त्या दोऱ्याला आधी लागतं. म्हणून जानेवारीभर शाळेची एकच विनंती असते. मुलाला स्कूटीवर पुढे उभं करू नका, मागे बसवा, गळ्याला मफलर गुंडाळा. हा निरोप मॅडम लिहून पाठवत नाहीत. व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजात बोलून पाठवतात, एका मिनिटाचा. आजी तो दोनदा ऐकते आणि शेजारणीलाही ऐकवते.

सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. कायदाच तसा आहे. पण सभा दुपारी दोनला ठेवली तर रोजीवर जाणारी आई कशी येणार? या शाळेने यंदा सभा रविवारी घेतली. अकरा आया आल्या. त्यांतल्या एकीने फाटकाबाहेर खांबाचा दिवा बंद आहे, हिवाळ्यात लवकर अंधारून येतं, एवढंच सांगितलं आणि बसली. दिवा आता लागतो.

(पडद्यावर: सुट्टीची घंटा. ऑक्टोबरचं ऊन. फाटकाजवळ कडुलिंब, खाली बाक.)

सुटताना नियम एकच. कार्ड दाखवा, मूल घ्या. कार्डावर मुलाचा फोटो, आणायला येणाऱ्या तिघांचे फोटो, त्यांचे नंबर. कार्ड नसेल तर घरी फोन. घरून होकार आल्याशिवाय मूल सोडायचं नाही. मोठ्या बहीण-भावाच्या हाती तर नाहीच.

आज आजी कार्ड विसरली आहे.

चार महिने ती रोज येते. ऑटोवाले काका तिला ओळखतात, शिपाई ओळखतात, नात फाटकाच्या आतून "आजीऽ" म्हणून ओरडते आहे. मॅडम हात जोडून म्हणतात, "आजी, दोन मिनिटं बसा. सूनबाईंना फोन लावते."

"मले ओळखत नाही का तुम्ही?"

"ओळखते ना. पण आज तुम्हाला ओळखीवर सोडलं, तर उद्या दुसऱ्या कोणाला नाही कसं म्हणू?"

आजी कडुलिंबाखाली बसते. पदराने घाम पुसते. सून फोन उचलत नाही. एकदा, दोनदा. फाटकासमोरची गर्दी पांगते. शिपाई पाण्याचा ग्लास आणून देतात. आजी पाणी पिते, बोलत मात्र नाही. तिसऱ्या फोनला सून होकार देते. मॅडम वहीत वेळ लिहितात, आजीचा अंगठा घेतात, नातीचा हात तिच्या हातात देतात. आजी काही न बोलता निघते.

(पडद्यावर: दुसरा दिवस. तेच फाटक.)

आज ती अर्धा तास आधीच आली आहे. कमरेच्या बटव्याला लाल दोरा बांधला आहे, दोऱ्याला कार्ड. फाटकावर आज नवे शिपाई आहेत, त्यांनी विचारायच्या आधीच आजी बटवा पुढे करते. मग मागे उभ्या असलेल्या तरुण बाईकडे वळते.

"तुझं काढून ठेव बाई. इथं पाहून देतात."